गाळा नंबर सातचं भाडं

जगात गुन्हेगार दोनच प्रकारचे असतात. एक, ज्यांना ग्यानबा इंगोले यांनी पकडलं ते. आणि दुसरे, जे अजून एस.टी.त बसायचे आहेत ते. हे मत अर्थातच ग्यानबा इंगोले यांचं. आपल्यासारखा तपास करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, शेलूबाजारात तर होण्याचं काही कारणच नव्हतं, पण जन्म कुठे घ्यावा हे आपल्या हातात नसतं, असं ते रोज सकाळी चहाबरोबर सांगत. ऐकायला त्यांची भाची नीलिमा असे, कारण दुकान तिचं होतं आणि तिला उठून दुसरीकडे जाता येत नसे.

दुकानावर पाटी होती: 'जी. डी. इंगोले, खासगी गुप्तहेर. चौतीस वर्षांचा अनुभव. आत झेरॉक्स, पॅन कार्ड व ऑनलाइन फॉर्म.' गिऱ्हाईक येई ते शेवटच्या ओळीमुळे. चौतीस वर्षांचा अनुभव होता तो एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून. ग्यानबामामांची तपासाची पद्धतही तिथलीच. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर पाहतो, या एका सिद्धांतावर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं. बाहेर खरोखरच काही पाहण्यासारखं असू शकतं, हे त्यांना मान्य नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी दुकानात एक खुर्ची, एक डायरी आणि एक भिंग आणून ठेवलं. भिंग मालेगावच्या बाजारातलं, पायातले काटे काढायला घेतलेलं. नीलिमा बी.कॉम. झालेली. दुकानाचं भाडं ती भरी, विजेचं बिल ती भरी, आणि मामांच्या डायरीत तिचा उल्लेख 'सहायक' असा होता.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी अंगुरीबाई काठी टेकत दुकानात आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज चाळिशीतला. बाजारपेठेत त्यांच्या धाकट्या मुलाचं, केशरीचंदचं, भांड्यांचं दुकान होतं. थोरला मुलगा चार वर्षांपूर्वी वारला. त्याची मुलगी कृतिका लग्न होऊन पुण्याला गेलेली.

"नीलिमा, कृतिकानं तुह्या मोबाईलवर कागद पाठवला म्हणे. काढून दे अन् वाचून बी दाखव. मले घरी कोणाले वाचाले सांगायचं नाही."

कागद आयकर खात्याचा होता. नीलिमाने तो वाचला आणि सोप्या भाषेत सांगितला. हायवेवरचा गाळा नंबर सात अंगुरीबाईंनी बक्षीसपत्र करून कृतिकाला दिला होता. त्यात ठिबकच्या नळ्या विकणारी एक कंपनी भाड्याने होती. आम्ही कृतिकाला वर्षाचं तीन लाख भाडं दिलं, असं कंपनीने सरकारला कळवलं होतं. आणि कृतिकाने आपल्या विवरणपत्रात भाड्याचा एक रुपयाही दाखवला नव्हता. सरकार विचारत होतं, हे कसं काय?

"तेच ते," अंगुरीबाई म्हणाल्या. "पोरगी म्हणते, आजी, मले तर एक रुपया भेटला नाही. मंग माह्या नावावर घेतला कोनं? आता भाडं तर केशरीच आणते. तिनं त्याले फोन केला, काका, पैशाचं काय झालं म्हणून इचारलं. हा नुसता 'बरं' म्हणला अन् फोन ठेवला. तवापासून दुकानातच जेवते. घरात बोलत नाही. येत्या रविवारी पोरगी येऊन राह्यली. म्हणते, काकाले भाडं आणाले देलेलं अधिकारपत्र रद्द करतो."

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "मी गाळा घर जोडाले देला होता. त्यानंच घर फुटलं तर मी मरून बी सुखी नाही. वकिलाकडे गेलो तर गावभर होते. नीलिमा, तूच सांग काय करू."

नीलिमा तोंड उघडणार तोच खुर्ची करकरली. ग्यानबामामा उभे राहिले होते.

"बाईजी, तुमी योग्य ठिकाणी आल्या. रविवारच्या आत चोर तुमच्या पायाशी."

"मामा, चोर आहे का नाही हेच अजून..."

"नीलू, तू झेरॉक्स काढ."

तपास अर्ध्या तासात सुरू झाला. पहिला संशयित कंपनीचा मॅनेजर अंकित. मामांनी नीलिमाला बरोबर घेतलं, कारण मोटारसायकल तिची होती. गाळा नंबर सातमध्ये नळ्यांच्या गुंडाळ्यांमागे अंकित बसला होता. मामांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"भाडं किती देता?"

"महिन्याला पंचवीस हजार, काका. त्यातले अडीच हजार कापतो, साडेबावीस केशरीशेठच्या खात्यात टाकतो."

मामांनी सावकाश नीलिमाकडे वळून पाहिलं. चौतीस वर्षांत इतक्या लवकर कोणी कबूल झालं नव्हतं.

"कापतो म्हणाला. लिहून घे. दर महिन्याले कापता काय हो?"

"दर महिन्याला. कापावंच लागतं."

"म्हणजे सवय लागली."

"मामा, तो टीडीएस होय," नीलिमा म्हणाली. "कंपनी भाड्यातून दहा टक्के कर कापते अन् मालकाच्या पॅनवर सरकारात भरते. भाऊ, पॅन कोणाचं देलं तुमी?"

"बक्षीसपत्रावर ज्यांचं नाव आहे त्यांचंच. कृतिका मॅडमचं."

नीलिमाच्या डोक्यात तिथेच निम्मा उजेड पडला. सरकारला कृतिकाचं नाव कसं कळलं, ते समजलं. पण मामा तोवर अंकितच्या नजरेचा अभ्यास करत होते. रस्त्यावरून उसाचा ट्रक चालला होता आणि अंकित त्याच्याकडे पाहत होता. मामांनी डायरीत नोंद केली: संशयित क्र. १, खिडकीबाहेर पाहतो. गाळ्याला खिडकी नव्हती, शटर होतं, पण नोंदीत ते 'खिडकी'च राहिलं.

दुसरा सिद्धांत बुधवारी निघाला. अंगुरीबाईंनी केशरीचंदच्या कपाटातून एक कागद गुपचूप आणून दिला. तो होता वाशीमच्या कर सल्लागाराने केलेला हिशेब. त्यावर केशरीचंदचं नाव, खाली भाडं तीन लाख, आणि त्यातून वजा नव्वद हजार.

मामांनी भिंग लावलं. कागदावरची सगळी अक्षरं तशीही स्वच्छ दिसत होती.

"नव्वद हजार. नीलू, नव्वद हजार कोणीतरी मधल्या मधी खाल्ले. म्हणजे टोळी आहे. एकजण दहा टक्के कापते, दुसरा तीस टक्के खाते. राह्यले साठ, ते केशरीशेठचे. तीन चोर, एक गाळा."

"मामा, ते कायद्यानंच वजा होतात. दुरुस्ती-बिरुस्तीसाठी भाड्यातून तीस टक्के सूट भेटते. कोणी खाल्ले नाहीत."

"गाळ्याची दुरुस्ती झाली काय? शटर पाह्यलं तू? तथी रंग बी नाही लावेल."

"दुरुस्ती करा नाहीतर नका करू, सूट भेटतेच."

"काम नाही अन् पैसे भेटतात," मामा गंभीरपणे म्हणाले, "याला आमच्या काळात गुन्हाच म्हणत."

नीलिमा मात्र त्या कागदाकडे पाहत राहिली. गाळा पुतणीचा, पॅन पुतणीचं, आणि भाडं दाखवलंय काकाने. त्यावरचा करही काकाने भरलाय. चोर चोरीच्या मालावर कर भरत नाही, एवढं तिला बी.कॉम.च्या आधीपासून माहीत होतं. ती हे मामांना सांगायला गेली, तर मामा डायरीत टोळीचा नकाशा काढत होते.

गुरुवारी पाच तारीख होती. केशरीचंद दर पाच तारखेला दुकान नोकरावर टाकून मंगरूळपीरला जातो आणि का जातो ते कोणालाही सांगत नाही, ही बातमी मामांना चहाच्या टपरीवर मिळाली. पाठलाग करायचा ठरला. मामांनी डोक्याला रुमाल गुंडाळला, काळा चष्मा लावला आणि जीपच्या थांब्यावर झाडाआड उभे राहिले. नीलिमा मोटारसायकलवरून मागे येणार होती.

पुढे काय झालं ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जीपमध्ये नऊ जणांच्या जागेत चौदा जण बसले. पंधरावे ग्यानबामामा. जागा फक्त एकाच माणसाच्या शेजारी होती आणि तो माणूस केशरीचंद होता. त्याने सरकून मामांना अर्धी मांडी दिली.

"या तपासनीस साहेब, बसा. डोळे आले काय? चश्मा लावला."

मामांना 'हो' म्हणावं लागलं. मग मंगरूळपीरपर्यंत केशरीचंद त्यांना डोळ्यांवर औषधं सांगत होता. उतरताना त्याने दोघांचं भाडं दिलं. मामा 'नको, नको' म्हणाले, पण सुटे त्यांच्याकडे नव्हते. ज्याचा पाठलाग करायचा त्याच्याच पैशाने तो झाला, ही गोष्ट डायरीत आली नाही.

केशरीचंद एका बँकेत शिरला. मामा मागोमाग जाऊन खांबाआड उभे राहिले आणि पाच मिनिटांत विजयी चेहऱ्याने बाहेर आले.

"नीलू, संपलं. पैसे कुठं जातात ते कळलं. यानं नगदी पैसे भरले अन् खिडकीवरचा बाबू काय म्हणला माहीत आहे? 'मॅडमचं पासबुक भरून गेलं, नवीन घ्या.' मॅडमचं."

"मंग?"

"मंग काय? दुसरं घर. मंगरूळपीरात. पासबुक भरून जाईपर्यंत खर्च. पुतणीचं भाडं दुसऱ्या बाईच्या खात्यात."

"मामा, मॅडम म्हणजे कृतिका बी असू शकते."

"कृतिका पुण्याले आहे. बँक मंगरूळपीरले आहे. भूगोल शिकली का नाही तू?"

नीलिमाने गाडीला किक मारली. वादात पेट्रोल जाळण्यापेक्षा रस्त्यात जाळलेलं बरं, असा तिचा विचार.

रविवारी दुपारी अंगुरीबाईंच्या घरी बैठक बसली. कृतिका सकाळीच आली होती. डोळे सुजलेले, हातात अधिकारपत्र रद्द करण्याचा छापलेला कागद. केशरीचंद दाराशी स्टुलावर बसला होता, आपल्याच घरात पाहुणा आल्यागत. त्याची बायको मंजुषा आतून पोह्यांच्या बशा आणून ठेवत होती. कृतिकाने बशीला हात लावला नाही. ते पाहून केशरीचंदनेही लावला नाही. मामांनी दोन संपवल्या.

मग ते उभे राहिले. "या घरात गुन्हा झाला आहे. गुन्हेगार याच खोलीत आहे. तो या क्षणी कुठं पाहून राह्यला, ते सगळ्यांनी पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. केशरीचंद खिडकीबाहेर पाहत होता. तो रडू नये म्हणून तिकडे पाहत होता, हे नीलिमाला दिसलं आणि तिला मामांचा पहिल्यांदाच खरा राग आला.

"शेठ, मी तुमचा पाठलाग केला."

"माहीत आहे. मीच जीपचे पैसे देले."

"ते वेगळं. मंगरूळपीरची मॅडम कोण?"

मंजुषाने हातातली बशी खाली ठेवली. मामांनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

"ताई, मन घट्ट करा. तुमच्या घरवाल्यानं दुसरं घर केलं आहे."

"यानं?" मंजुषा म्हणाली. "याले एका घरातला नळ दुरुस्त करता येत नाही, हा दुसरं घर कवा करते? मॅडमचं पासबुक म्हणत असान तर ते आमच्या गादीखाली आहे. मी रोज त्याच्यावर झोपतो. मले कोनं इचारलंच नाही."

ती आत गेली आणि पासबुक घेऊन आली, एक भरलेलं, एक कोरं. कृतिकाने उघडलं. पहिल्याच पानावर तिचं नाव होतं, लग्नाआधीच्या आडनावासकट. बक्षीसपत्राच्या दिवशी आजीने सांगितलं तिथे तिने वीसेक सह्या केल्या होत्या. त्यातली एक या खात्याची होती. मोबाईल नंबर काकाचा, त्यामुळे तिला कधी एक मेसेजही आला नव्हता. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पंचवीस हजार जमा. एकही महिना चुकलेला नाही.

"पंचवीस?" नीलिमा म्हणाली. "कंपनी तर साडेबावीसच देते. वरचे अडीच हजार कुठून आले?"

मामांनी डायरीत टोळीचा नकाशा पुन्हा पाहिला. त्यात पैसे वाढवणारा चोर कुठेच बसत नव्हता.

"काका," कृतिकाने विचारलं, "हे तुम्ही तुमच्या खिशातून टाकत होतात?"

केशरीचंद जमिनीकडे पाहत म्हणाला, "पंचवीसचं बोलणं झालं होतं. लेकीच्या हातात कमी कसे देऊ?"

"आणि कर? तो तुम्ही तुमच्या नावावर का भरलात?"

"भाडं मी आणतो, पावतीवर सही मी करतो. मंग कर कोण भरीन? सल्लागारानं इचारलं, भाडं कोणाच्या खात्यात येते? मी म्हणलं माह्या. त्यानं लावून देलं."

"पण तो कर भाड्यातूनच काढायचा ना काका."

केशरीचंदने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने देवळातली समई विकायला सांगितली होती. "दिल्या लेकीच्या पैशातून? आमच्या बाबांनी आत्याच्या घरी उभ्या जन्मात पाणी पेलं नाही. तिच्या गावच्या विहिरीवर जाऊन पेत. अन् मी तुह्या पैशातून माह्या हातानं कर काढू?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर तू म्हणली असती, राहू द्या काका, तुमच्याकडेच ठेवा. जावईबापू बी म्हणले असते. मंग ठेवा लागले असते." त्याने पासबुकाकडे पाहिलं. "तुह्या बापानं मले धंद्याले लावलं. त्याच्या लेकीचे पैसे मी खाल्ले असं तुले वाटलं, तवा मले काही बोलताच आलं नाही."

कृतिकाने हातातला छापील कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मग पोह्यांची बशी उचलली, उठून काकाच्या हातात दिली आणि त्याच्या पायाशी बसून रडली. अंगुरीबाई म्हणाल्या, "आता रडू नका, पोहे थंड होतील," आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

ग्यानबामामांनी डायरी मिटली. ते नीलिमाच्या कानाशी म्हणाले, "चौतीस वर्षं विनातिकीट माणसं पकडली. एका शिटाची दोन तिकिटं काढणारा आजच पाह्यला. याले दंड किती असते ते पुस्तकात नव्हतं."

मग नीलिमाला पहिल्यांदाच सलग सहा वाक्यं बोलायला मिळाली. तिने सांगितलं की आजीने नातीला दिलेल्या बक्षिसावर कर नाही, नातं जवळचं आहे. पण गाळ्याचं भाडं हे गाळ्याच्या मालकाचं उत्पन्न. ते आणायला काका जावोत नाहीतर पोस्टमन, कर मालकानेच भरायचा. कंपनीने कापलेले पैसे कृतिकाच्या नावावर जमा आहेतच, ते तिच्या करात धरले जातील. काकांनी भरलेला कर चुकीच्या माणसाने भरलेला कर आहे. दोघांनीही सुधारित विवरणपत्र भरायचं, मुदत डिसेंबरअखेर.

"मग काकांचा कर मी त्यांना आत्ता देते," कृतिका म्हणाली.

केशरीचंद स्टुलावरून उठून थेट दाराबाहेर गेला.

"शेठ, थांबा," नीलिमा मागून म्हणाली. "तिच्याकडून घेऊ नका. तुमच्या विवरणपत्रातून हे भाडं काढलं की तुमचा कर तुमच्या खात्यात परत येईन. सरकारकडून."

तो उंबऱ्यात थांबला. "सरकारचा पैसा म्हणजे लेकीचा नाही ना?"

"नाही."

"मंग चालते."

राहिले ते वरचे अडीच-अडीच हजार. ते परत घ्यायला केशरीचंद तयार होईना आणि ठेवून घ्यायला कृतिका. मंजुषाने दोघांचं ऐकून घेतलं, मग हात पुढे केला. "मले दे. तुमच्या घराण्याच्या रीती तुमच्या. मी सून होय, अन् नळ मलेच दुरुस्त करून घ्या लागते."

सोमवारी सकाळी काका-पुतणी दोघं नीलिमाच्या दुकानात आले. अधिकारपत्र तसंच राहिलं होतं. भाडं काकानेच पाहायचं, कर कृतिकाने भरायचा, आणि मुदतीच्या महिनाभर आधीपासून काका रोज फोन करणार, असं ठरलं होतं. फोनची अट काकाची होती.

नीलिमाने दोघांची विवरणपत्रं सुधारून भरली. ग्यानबामामांनी खुर्चीतून सगळ्यावर देखरेख केली आणि डायरीत लिहिलं: प्रकरण निकाली, तपास यशस्वी. फीची वेळ आली तेव्हा कृतिकाने पर्स उघडली.

"किती झाले दोघांचे?"

"पाचशे न् पाचशे."

"हे हजार."

"लेकीनं कायले द्यायचे?" केशरीचंदने तिचा हात मागे सारला आणि स्वतःची हजाराची थप्पी टेबलावर ठेवली. कृतिकाने ती उचलून त्याच्या खिशात कोंबली. त्याने ती काढून पुन्हा ठेवली. मागे जातीच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्ससाठी तीन माणसं ताटकळत होती.

नीलिमाने दोघांच्या हातातून पाचशे-पाचशे घेतले, बाकीचे ज्याचे त्याला परत केले आणि दोन पावत्या फाडल्या, एक काकाच्या नावाची आणि एक पुतणीच्या.